हे नाव कोणाचं?

परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या पंचक्रोशीत साठी ओलांडलेल्या माणसांची नावं कानावर येतात ती अशी: मुंजाजी, मारोती, ग्यानोबा, नामदेव, पिराजी, गंगाधर, दगडू. बायकांत गंगाबाई, जनाबाई, प्रयागबाई, पारबती. यांच्यापैकी कोणालाही नावाचा अर्थ विचारून पाहा. अर्थ कोणी सांगत नाही, हकीकत सांगतात. पिंपळाखालच्या मुंज्याला आईनं नवस केला होता, म्हणून मुंजाजी. गोदावरीला आपल्याकडे गंगाच म्हणतात, तिच्या काठच्या घरात जन्मली म्हणून गंगाबाई. पिराला बोललो होतो, म्हणून पिराजी, आणि हा पिराजी हिंदू घरातला असतो.

आज पाळण्यातल्या बाळासाठी नाव शोधताना घरात पहिला प्रश्न येतो तो अर्थाचा. 'नावाला अर्थ हवा, आणि तो वेगळा हवा.' ही मागणी आपल्याला फार जुनी वाटते, पण तशी ती नाही. जुना प्रश्न दुसराच होता: हे लेकरू कोणाचं? कोणत्या देवाचं, कोणत्या नदीचं, कोणत्या गेलेल्या माणसाचं?

संत नामदेवांचं घर आठवून बघा. त्यांचं नर्सी आता हिंगोली जिल्ह्यात आहे आणि जनाबाईंचं गंगाखेड आपल्या परभणीत, म्हणजे ताडकळस या दोन गावांच्या मधल्या मुलखातलं. परंपरेनं सांगितलेली नामदेवांच्या मुलांची नावं नारा, विठा, गोंदा आणि म्हादा. नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव हे चार देव घरातल्या पोरांसारखे हाकेत येऊन बसले. गोविंदाचा गोंदा करणाऱ्या आईबापांना त्या शब्दाची व्युत्पत्ती नको होती. दिवसातून पन्नास वेळा पोराला हाक मारताना देव तोंडात यावा, एवढंच त्यांना हवं होतं. बारशाला बाळ पाळण्याखालून-वरून देताना बायका आजही गोविंद, गोपाळ अशी नावं घेतात आणि त्यानंतरच आत्या बाळाच्या कानात त्याचं स्वतःचं नाव सांगते.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. महाबळेश्वरची माल्कम पेठ ज्यांच्या नावानं वसली ते जॉन माल्कम 1827 ते 1830 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, आणि मूळचे स्कॉटलंडचे. 'माल्कम' म्हणजे तिथल्या जुन्या गेलिक भाषेत संत कोलंबाचा सेवक. आपला देविदास किंवा भगवानदास जसा, तसाच हा. थंड समुद्राकाठच्या त्या लोकांनीही मुलाला आधी कोणाच्या तरी पदरात घातलं.

देवाच्या खालोखाल मान पूर्वजाचा. स्कॉटलंडात जुन्या घरांतून ठरलेली रीत होती: थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, थोरल्या मुलीला आईच्या आईचं. आपल्याकडे आजोबा गेले की नातवाच्या रूपानं परत येतात, असं मानणारी घरं पुष्कळ. पेशव्यांचंच घर घ्या. बाळाजी विश्वनाथ 1720 मध्ये वारले, त्याच वर्षाच्या अखेरीस बाजीरावांना मुलगा झाला आणि त्याचं नाव बाळाजी ठेवलं. इतिहास त्याला नानासाहेब म्हणून ओळखतो. हे दुसरं नाव मला महत्त्वाचं वाटतं. सून सासऱ्याचं नाव उच्चारत नसे, मग ते नाव लावलेल्या स्वतःच्या पोराला ती हाक कशी मारणार? म्हणून घरोघर नाना, बापू, तात्या, आप्पा, भाऊ आले. गल्लीतले कितीतरी बापू आणि तात्या आपण लाडाची नावं समजतो. त्यांतल्या काहींच्या मागे एका सुनेची ही अडचण उभी आहे.

शहाजीराजे आणि शरीफजी या दोघा भावांची नावं नगरच्या शहा शरीफ या पिराच्या नवसातून आली, अशी परंपरा आहे. आपल्या रानातला पिराजी आणि फकिरा त्याच रांगेतले. ही नावं मागे पडत चालली आहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं. एका धर्माच्या घरानं दुसऱ्या धर्माच्या साधूकडे लेकरू सोपवलं, याचा पुरावा त्या नावांनी अंगावर वागवला आहे.

पण सगळीच जुनी नावं गोड नव्हती. दगडू, धोंडिबा, केरबा, भिकाजी यांच्यामागे भीती होती. आधीची लेकरं दगावली की पुढच्याला ओंगळ नाव द्यायचं, म्हणजे दृष्ट लागणार नाही आणि मृत्यू त्याच्याकडे बघणार नाही. त्या भीतीपुढे मी मान लववतो. मात्र त्याहून वेगळी एक गोष्ट होती, आणि तिला क्षमा नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं तुच्छतेचं असावं, असा दंडकच घातला आहे. नाव ठेवतानाच माणसाची पायरी ठरवून टाकायची. अर्थाची ओढ पुढे का लागली, हे इथे समजतं. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या तुच्छतेचे शब्द आले, त्यांना उजळ अर्थाचं नाव हा हक्क वाटला. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यातल्या वस्त्यांतून गौतम, सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, यशोधरा, सुजाता, प्रज्ञा अशी नावं उमलली. त्याआधी 1950 मध्येच बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय काढलं होतं. त्याचं नाव पुढे मिलिंद झालं. मिलिंद राजा ज्यात प्रश्न विचारतो तो बौद्ध ग्रंथ आणि पोराच्या दाखल्यावरचं नाव एकाच ओळीत आले. नावाचा अर्थ माणसाला उभं करू शकतो, हे इथे जितकं खरं ठरलं तितकं क्वचित कुठे ठरलं असेल.

मुलींचा हिशेब अजून बाकी आहे. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना प्रशासनानं समारंभ करून नवी नावं दिली. अनेकींनी ती स्वतः निवडली. नको असलेली मुलगी, असं दाखल्यावर लिहून शाळेत पाठवलेल्या पोरीला आपलं नाव आपण निवडताना काय वाटलं असेल!

आता मोबाइलवर नावांच्या याद्या आहेत, प्रत्येक नावापुढे अर्थ लिहिलेला. खेड्यातल्या अंगणवाडीतही आरव, विहान, कियारा ऐकू येतात. कियाराचंच बघा. आयरिश मुळाशी जोडलं तर अर्थ काळसर, इटालियन मुळाशी जोडलं तर उजळ. आपल्या याद्यांत तिला तिसराच संस्कृत अर्थ चिकटवलेला सापडतो. फिओना हे अस्सल स्कॉटिश मानलं जाणारं नाव अठराव्या शतकातल्या जेम्स मॅक्फर्सन या कवीनं आपल्या काव्यासाठी घडवलं. म्हणजे अर्थ मागाहूनही लावता येतो. हकीकत मात्र मागाहून लावता येत नाही. ती त्या घरात घडलेली असावी लागते. नवं नाव ठेवायला माझी हरकत नाही, आजीच्या गंगाबाईची गंगा करून ठेवली तर आनंदच आहे. आरव ठेवा, पण तो कोणी सुचवला, त्या वर्षी पाऊस कसा होता, कोणत्या मामानं हट्ट धरला, हे त्याला मोठेपणी सांगा.

महाराष्ट्र शासनानं 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचं, मग आईचं, मग बापाचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम लावला. गोदावरीकाठच्या पैठणहून राज्य करणारा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी आईचंच नाव लावत होता. त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी तसाच. शासनानं केलेला हा बदल मला फार मोलाचा वाटतो. त्यात एक गाठ मात्र राहिली आहे. आपल्याकडे लग्नात तांदळावर अंगठीनं लिहून नवरीचं नाव बदलतात. शाळेच्या दाखल्यावर ती एक असते आणि रेशनकार्डावर दुसरी. बाळाच्या नोंदीत आईचं नाव लिहायची वेळ आली की तिच्या बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं नाव लिहायचं, की सासरनं दिलेलं? हे तिला विचारून लिहावं. फॉर्म भरायला नवरा एकटा गेला असेल, तर त्यानं घरी फोन लावून विचारावं.