मोजलेलं आणि जुळवलेलं

सुताराच्या खिशात टेप असतो आणि कानावर पेन्सिल, म्हणून त्याचं सगळं काम मापावर चालतं असा बघणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात जुन्या वळणाचा सुतार सागवानी दरवाजा करायला बसला की टेप लवकरच बाजूला पडतो. तुकडे कापून झाले, रंधा मारून अंगं सपाट झाली, गुण्या लावून कोन तपासले, की पुढे आकड्यांचं फारसं काम उरत नाही. साल, म्हणजे लाकडातली चौकोनी खाच, किती रुंद काढायची हे पटाशीचं पातं ठरवतं. खुणेच्या अवजाराचे दोन काटे त्या पात्यालाच भिडवून पक्के करायचे आणि तेच काटे एका लाकडावर सालीसाठी, दुसऱ्यावर कुशीसाठी, म्हणजे सालीत शिरणाऱ्या जिभेसाठी, ओढायचे. पातं नेमकं अर्ध्या इंचाचं आहे की केसभर कमी, याच्याशी कुणालाच देणंघेणं नसतं.

क्रमही ठरलेला असतो: आधी साल, मग कूस. खोल खाचेच्या आतल्या भिंती पुन्हा सारख्या करणं जिकिरीचं. कुशीच्या बाजू मात्र उघड्यावर असतात, त्या कागदाच्या जाडीएवढ्याही तासता येतात. सुतार कूस अर्धी आत घालतो, मोगरीनं हलकेच ठोकतो, बाहेर काढतो आणि उजेडाकडे धरून बघतो. जिथे लाकूड दाबलं जाऊन चकाकतं तिथे अडतंय. तेवढंच सोलायचं आणि पुन्हा घालून बघायचं. शेवटी खुंटी. अनेक देशांतल्या जुन्या सुतारकामात सालीच्या बाजूंमधलं भोक आणि कुशीतलं भोक मुद्दामच एका रेषेत ठेवत नाहीत. कुशीतलं भोक खांद्याकडे जरासं सरकवून पाडतात. निमुळती खुंटी वाट काढत आत जाते आणि जाताना कुशीला ओढून घेते. ना खिळा, ना सरस, आणि सांधा आवळलेला.

अचूकपणाच्या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिली आकड्याची: वस्तू ठरलेल्या मापाची आहे की नाही. दुसरी जोडीची: ही वस्तू त्या दुसऱ्या वस्तूत नीट बसते की नाही. आधुनिक कारखाना पहिलीवर उभा आहे. दुसरी हळूहळू ‘हातकाम’ या कप्प्यात ढकलली गेली आणि तिथेच तिला काहीशी हौसेची, जुन्या आठवणींची कळा आली. जुन्या यंत्रांकडे नीट पाहिलं तर हा कप्पाच चुकीचा ठरतो.

लाकडापुरतं बोलायचं तर जुळवण्याला पर्याय नाही, कारण लाकूड मापात राहत नाही. हवेतल्या दमटपणाबरोबर ते लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आकसतं; आणि वर्षवलयांच्या दिशेनं होणारा हा बदल गाभ्याकडून झाडाच्या बाहेरच्या सालीकडे होणाऱ्या बदलाच्या साधारण दुप्पट असतो. म्हणूनच चौकटीच्या दरवाजात मधला दिलहा, म्हणजे चौकटीतली फळी, खाचेत नुसता ठेवलेला असतो, चिकटवलेला नसतो. आषाढात त्याला पसरायला जागा हवी आणि वैशाखात आकसताना तो मधोमध तडकता कामा नये. कोकणातल्या जुन्या घरांचे दरवाजे पावसाळ्यात थोडे कुरकुरतात, पण तुटत नाहीत, त्यामागे ही सोडलेली जागा आहे. जुळवणं म्हणजे घट्ट बसवणं इतकंच नव्हे. कुठे सैल सोडायचं तेही त्यात आलं.

दोन्ही जाती एकाच बंदरात समोरासमोर आल्याचा, मुंबईत बांधलेल्या एका जहाजाचा दाखला आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ब्रिटिश आरमारासाठी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तिचे नकाशे विलायतेहून घेऊन निघालेली ‘जावा’ ही नौका १८१२ च्या अखेरीस अमेरिकन जहाजाशी झालेल्या लढाईत नष्ट झाली आणि नकाशांची दुसरी प्रत पाठवावी लागली. म्हणजे मापं हवीच होती. पण नकाशात जहाजाचा आकार असतो. अमुक वाकाचा ओंडका अमुक जागी कसा बसेल, हे गोदीतला सुतार साचा धरून आणि तासून ठरवतो. सुरत-मुंबईकडच्या बांधणीत शेजारशेजारच्या फळ्यांचे काठ खाच पाडून एकमेकांत अडकवण्याची रीत होती आणि युरोपीय प्रवाशांनी तिचं कौतुक लिहून ठेवलं आहे.

ही नौका १८१९ मध्ये इंग्लंडमधल्या पोर्टस्मथच्या गोदीत पोचली. त्याच गोदीत मार्क ब्रुनेल यांनी आखलेली आणि हेन्री मॉडस्ले यांनी घडवलेली यंत्रं तोवर दहाएक वर्षं जहाजांच्या दोरखंडांचे कप्पे, म्हणजे पुलीचे ठोकळे, तयार करत होती. करवतणं, भोक पाडणं, खाच काढणं, आकार देणं, प्रत्येकाला वेगळं यंत्र. पूर्वी ज्याला ११० कुशल कारागीर लागत ते काम दहा साधे मजूर उरकू लागले आणि १८०८ मध्ये वर्षाला १ लाख ३० हजार कप्पे निघत होते. इथला कुठलाही कप्पा त्याच मापाच्या दुसऱ्याच्या जागी चालत असे. आकड्याचा विजय म्हणून हा प्रसंग सांगितला जातो आणि ते खरंच आहे.

प्रश्न एवढाच, की ती यंत्रं स्वतः अचूक कुणी केली?

याचं उत्तर मॉडस्लेच्या कारखान्यात काम शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांच्याकडे मिळतं. सपाट पृष्ठभाग हा सगळ्या यंत्रांचा पाया. पण आधीचा सपाट नमुना हाताशी नसताना पहिला सपाट पृष्ठभाग कसा मिळवायचा? बिडाचे दोन पाट एकमेकांशी जुळवले तर फसगत होऊ शकते, कारण एक किंचित फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट असला तरी ते छान बसतात. म्हणून पाट तीन घ्यायचे. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पहिल्याशी आळीपाळीनं जुळवत राहायचं. खोलगट पाटाशी जुळणारे दोन पाट दोन्ही फुगीर असणार आणि ते एकमेकांवर ठेवले की उघडे पडणार. तिन्ही पाट एकमेकांशी जुळले तर ते सपाटच असले पाहिजेत. यात फुटपट्टी कुठेच नाही. पाटाला रंग लावायचा, दुसऱ्यावर टेकवायचा, रंग जिथे उमटेल तो उंचवटा हातातल्या धारदार स्क्रेपरनं खरवडायचा. व्हिटवर्थ यांनी ही खरवडण्याची पद्धत १८४० मध्ये ब्रिटिश असोसिएशनपुढे मांडली आणि पुढच्याच वर्षी ५५ अंशांच्या आट्यांचं प्रमाण सुचवलं. आकड्याच्या जगाला प्रमाण देणाऱ्या या माणसानं त्या जगाचा पाया हातानं जुळवून घातला होता.

जुनं यंत्र पुन्हा उभं करणाऱ्याला हे दोन्ही वारसे एकदम लागतात. महाराष्ट्रातल्या छोट्या वर्कशॉपांमध्ये विलायती लेथ आहेत, १९४१ मध्ये हरिहरला सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करचेही आहेत. विलायती लेथचा हरवलेला बोल्ट आज मिळतो तो केवळ व्हिटवर्थच्या आट्यांमुळे. इथे आकडाच उपयोगी पडतो. भारतानं १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं स्वीकारली, तरी जुन्या यंत्राजवळच्या पेटीत इंची टॅप आणि डाय ठेवावेच लागतात.

लेथच्या बेडची गोष्ट निराळी. लेथवर बहुतेक काम तुकडा धरणाऱ्या चकजवळ होतं, म्हणून बिडाचा बेड तिथे जास्त झिजतो आणि दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे जवळपास नव्यासारखा राहतो. वापरणारा बेडवर सरकणाऱ्या कॅरेजची पट्टी चकजवळ आवळून खडखड थांबवतो, की कॅरेज दुसऱ्या टोकाला जाम होतं. मग पट्टी सैल करायची आणि पुन्हा खडखड. यावर कुठलाही सुटा भाग विकत मिळत नाही. निळा रंग लावून ठिपके वाचायचे आणि खरवडायचं, हाच उपाय. वर्कशॉपमध्ये त्याला ब्ल्यू मॅचिंग म्हणतात. जुन्या बेअरिंगचं तसंच. वितळलेला व्हाइट मेटल शाफ्टभोवती ओततात, पण शाफ्टवर आधी काजळी धरतात म्हणजे धातू चिकटत नाही. थंड झाल्यावर शाफ्ट निळा करून फिरवायचा आणि आतले उंचवटे काढायचे. ते बेअरिंग त्याच शाफ्टचं होतं, दुसऱ्याच्या उपयोगाचं राहत नाही. सालीत शिरणारी कूस आणि हा शाफ्ट यांत काम करणाऱ्याच्या दृष्टीनं फरक असतो तो फक्त कडकपणाचा.

जुळवण्याची किंमतही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जुळवलेली जोडी एक अंग गेलं की निकामी होते. हे काम वेळखाऊ आहे आणि कागदावर उतरत नाही. नकाशात ‘इथे निळ्या रंगाचे ठिपके सारखे यावेत’ एवढंच लिहिता येतं. ते कसे आणायचे हे शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यातला दुवा एकदा तुटला की लोखंड शाबूत असूनही यंत्र भंगाराच्या भावानं जातं.

दुवा तुटल्यावरही काही वेळा एक वाट उरते, ती म्हणजे खुद्द वस्तूचं अंग. जपानमधल्या होर्यू-जी या प्राचीन देवळाचे मुख्य सुतार त्सुनेकाझु निशिओका (१९०८-१९९५) यांच्यापुढे हाच पेच होता. पेटीचा रंधा रूढ झाल्यावर जपानी सुतारांच्या हातून यारीगान्ना हे जुनं अवजार सुटलं होतं. ते म्हणजे लांब दांड्याला बसवलेलं पानाच्या आकाराचं दुधारी पातं. जुन्या लाकडांवरचे लांबट, उथळ ओरखडे त्यांनी निरखले, जतन झालेल्या नमुन्यांची मदत घेतली आणि ते अवजार पुन्हा वापरात आणलं. त्यांच्या देखरेखीखाली याकुशी-जी या दुसऱ्या देवळाचा पश्चिम मनोरा १९८१ मध्ये उभा राहिला, तेव्हा शेकडो वर्षांत लाकूड आकसेल आणि भार बसेल हे धरून तो जुन्या पूर्व मनोऱ्यापेक्षा किंचित उंच ठेवण्यात आला.

निशिओकांना अवजार सापडलं, कारण ते ओरखडे मधल्या शतकांत कुणी गुळगुळीत केले नव्हते. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली नेमकं हे गुळगुळीत करणंच घडतं. पाडलेल्या वाड्यांचे सागवानी खांब आणि दरवाजे बाजारात येतात, कारण खुंटीचे सांधे न मोडता उकलता येतात. पण विकण्याआधी त्यांच्यावर सँडर फिरतो आणि वाकसाच्या खुणा, पटाशीच्या आखणीच्या रेषा भुसा होऊन उडतात. यंत्रांचं तेच. खरवडलेल्या बेडवर अँगल ग्राइंडर चालवून तो आरशासारखा केला की तो नवा दिसतो आणि पूर्वी होता त्याहून वाईट होतो. इंग्लंडमधल्या हार्टलपूलमध्ये १९९० ते २००१ दरम्यान ट्रिंकोमालीची दुरुस्ती झाली, तेव्हा मुंबईचं बरंचसं मूळ सागवान जागेवर ठेवलं गेलं आणि नवं लाकूड त्याच्याशी बसवून घेण्यात आलं. त्यासाठी अकरा वर्षं द्यायची तयारी लागते आणि तेवढे पैसेही.

बाजारात एवढी सवड नसते. गिऱ्हाईक चकाकी बघून भाव ठरवतं, म्हणून विकणारा रंगावर खर्च करतो, खरवडण्यावर नाही. जुना लेथ घ्यायला गेलेल्यानं निदान एवढं करावं: निळा रंग मागवून बेडवर पातळ फासायला सांगावा आणि कॅरेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून बघावं. ठिपके कुठे उठतात आणि कुठे उठतच नाहीत हे दोन मिनिटांत दिसतं. मग सौदा त्या ठिपक्यांवर करावा, वरच्या हिरव्या रंगावर नको.