दुसऱ्याची जमीन, आपला शेर

दुसऱ्याने निर्माण केलेल्या गोष्टीवर आपले मनापासून प्रेम असेल, तर तिच्यात फेरफार करण्याचा हक्क आपल्याला मिळतो का? प्रश्न जुनाच आहे. हल्ली तो मुलांच्या मोबाइलवरच्या खेळांतून पुन्हा पुढे येतो.

1996 साली जपानमध्ये ‘पोकेमॉन’ हा खेळ आला. अजब प्राणी पकडायचे, वाढवायचे, झुंजवायचे. त्याचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करीत. त्या छंदातून ही कल्पना निघाली. आपल्याकडे 2003 मध्ये त्याचे कार्टून टीव्हीवर हिंदीत सुरू झाले आणि आमची पिढी त्यात रमली. पुढे जगभरच्या चाहत्यांनी नवे प्राणी, नवी गावे घालून स्वतःच्या आवृत्त्या केल्या. ‘पोकेमॉन युरेनियम’ ही त्यांपैकीच एक. नऊ वर्षांच्या मेहनतीनंतर ऑगस्ट 2016 मध्ये ती फुकट वाटली गेली. 15 लाखांहून अधिक वेळा ती डाउनलोड झाली. मग निन्टेंडो कंपनीच्या वकिलांच्या नोटिसा आल्या आणि कर्त्यांनीच ती मागे घेतली.

वडगाव निंबाळकरसारख्या ऊसपट्ट्यातल्या गावातही असे खेळ पोचले आहेत. एका विद्यार्थ्याने आम्हाला सरळ विचारले, “सर, ही चोरी आहे का?”

उर्दू शिकवणाऱ्याला अशा वेळी तरही मुशायरा आठवतो. एक मिसरा दिला जातो आणि सर्वांनी त्याच वृत्तात, त्याच काफिया-रदीफमध्ये गजल लिहायची. या चौकटीला ‘जमीन’ म्हणतात. गालिबच्या जमिनीत कितीतरी शायरांनी गजला लिहिल्या, पण त्यांना कोणी चोर म्हटले नाही. जमीन कोणाची हे सर्वांना ठाऊक होते आणि शेर ज्याचा त्याचा होता.

दुसरी बाजू मराठीत सापडते. 1584 साली संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. नवे रचायला त्यांचा विरोध नव्हता. भागवतावर त्यांनी स्वतःच हजारो ओव्या रचल्या. दुसऱ्याच्या ग्रंथात आपले मिसळणे तेवढे त्यांना नामंजूर होते.

चाहत्यांच्या खेळांतही हा फरक दिसतो. काही जण फक्त आपल्या बदलांची छोटी फाइल देतात; तिला ‘पॅच’ म्हणतात. मूळ खेळ ज्याने त्याने आपला आणायचा. हे जमीन मान्य करून आपला शेर म्हणण्यासारखे झाले. पण मुलांच्या हाती बहुधा तयार फाइल येते आणि तिच्यात मूळ कर्त्यांचे सगळे श्रमही असतात. पैसे घेतले नाहीत, एवढ्याने प्रश्न मिटत नाही. दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी वाटणारा दानशूर ठरत नाही. नक्कल केल्याने मूळ फाइल आटत नाही हे खरे. पण ‘नको’ म्हणण्याचा मालकाचा हक्क त्यामुळे संपत नाही.

म्हणून आम्ही त्या मुलाला सांगितले: नियत चांगली असणे ही सुरुवात आहे, परवानगी नव्हे. मूळ कर्त्याचे नाव घे, आणि त्याने थांब म्हटले तर थांब.

मात्र मुलांना नुसते ‘चोर’ म्हणून गप्प करणे आम्हाला पटत नाही. बदल करता करताच हात तयार होतो. ताजिरींनी आपल्या परिसरातले किडे पाहिले. आमच्याकडे उसाच्या मुळाशी हुमणी आहे, बांधावर काजवे आहेत. त्यांचा खेळ अजून कोणी केलेला आम्ही पाहिला नाही. तो आपल्या मुलांनी करावा.