ठाऊक असणे आणि जाणणे

या खेपेस आम्ही आमचीच एक चूक सांगून आरंभ करणार आहोत. दुसऱ्याच्या चुकीवर निरूपण करणे सोपे. आपल्या चुकीवर बोलू लागले की जीभ जड होते. पण ज्या प्रश्नाचा विचार येथे मांडावयाचा आहे तो आम्हांस पोथीतून सुचलेला नाही, त्या चुकीतूनच सुचला आहे. तेव्हा तिला बगल देऊन पुढे जाणे बरे नव्हे.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोलापुरात एका शाळेत सामान्यज्ञानाची स्पर्धा होती. टेलिव्हिजनवरच्या करोडपतीच्या खेळाचीच ती नक्कल. समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये टेबल, एका प्रश्नाला चार पर्याय, घड्याळाची टिकटिक, आणि फळ्यावर बक्षिसाचे आकडे. कोटी कुठले, शंभर, दोनशे, पाचशे! प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीवर आम्हांस बसविले होते. खरे सांगायचे तर ती खुर्ची मोठी गोड असते. उत्तर आपल्या हातातल्या कागदावर असते आणि घाम समोरच्याला फुटतो!

शेवटच्या फेरीत सातवीतली एक मुलगी आली. पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलणारी, बाप यंत्रमागावर कामाला. आम्ही पहिलाच सोपा प्रश्न टाकला, 'जगातील सर्वांत उंच पर्वत कोणता?' चार पर्यायांत एव्हरेस्ट होता, आणि फसवे नाव म्हणून कोणीतरी हवाई बेटांवरचा मौना केआही घातलेला होता. पोरीने पर्याय वाचले, क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'सर, उंची कुठून मोजायची? समुद्रापासून, का पायथ्यापासून?' सभागृहात खसखस पिकली. आम्हीही हसलो. वर म्हणालो, 'बाई गं, प्रश्न आम्ही विचारायचे आणि उत्तर तू द्यायचे. वेळ चालला बघ!' ती गांगरली, गप्प राहिली, आणि घंटा वाजली. ढाल दुसऱ्या मुलाकडे गेली.

घरी येऊन आम्ही पुस्तक उघडले. एव्हरेस्ट समुद्रसपाटीपासून सुमारे ८,८४९ मीटर उंच, हे खरेच. मौना केआ समुद्रसपाटीपासून अवघा ४,२०७ मीटर. परंतु त्याचा पायथा समुद्राच्या तळाशी आहे, आणि तेथून मोजू गेल्यास तो दहा हजार मीटरांच्याही वर जातो. म्हणजे काय झाले पाहा. त्या भरल्या सभागृहात प्रश्न ज्याला समजला असे माणूस एकच होते, आणि शून्य गुण त्यालाच मिळाले! त्या रात्री आमचा डोळ्याला डोळा लागला नाही. पुष्कळ गोष्टी ठाऊक असणे हेच जाणणे काय? आणि जाणण्याची चढाओढ लावली म्हणजे जाणणे वाढते की आटते? हे दोन प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागले आहेत.

आता आमच्यातली काही मंडळी लगेच म्हणतील, 'अहो, तो करोडपतीचा खेळ म्हणजे निव्वळ पैशाचा बाजार. त्यात कसले आले ज्ञान? सोडा तो विषय.' इतक्या लवकर सोडता येत नाही, बुवा. या खेळाचे जे श्रेय आहे ते आधी त्याच्या पदरात घातले पाहिजे. मूळ खेळ इंग्लंडातला, १९९८ सालचा. आपल्याकडे तो ३ जुलै २००० रोजी अमिताभ बच्चन यांच्या तोंडून हिंदीत सुरू झाला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पहिला कोटी जिंकला तो हर्षवर्धन नवाथे या मुंबईच्या मराठी तरुणाने. पुढे तो खेळ मराठीतही आला. २०१९ साली मराठी खेळात प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीवर बसले नागराज मंजुळे, आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. आणि त्याच वर्षी हिंदी खेळात अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे यांनी १ कोटी जिंकले. या बाई शाळेतल्या मुलांची खिचडी शिजवीत, आणि त्याचे मानधन महिन्याला अवघे दीड हजार रुपये होते!

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला एवढे ठाऊक असते, हे जगाला ठाऊक नव्हते. त्या खुर्चीने ते दाखविले. ज्ञान अमक्याच्याच घरी नांदते या समजुतीला यापूर्वीही पुष्कळांनी धक्के दिले आहेत. आमच्याच जिल्ह्यात अरणचे सावता महाराज मळा राखीत होते आणि मंगळवेढ्याचे चोखोबा गावकुसाबाहेर राहत होते. तेव्हा कोणाही माणसाला 'या, बसा, तुम्हांला काय ठाऊक आहे ते सांगा' असे म्हणणारा खेळ तुच्छ मानण्याचा अधिकार आम्हांस तरी नाही. उलट 'आम्हांला भाबडी भक्ती पुरे, जगाची माहिती काय करायची' असे म्हणून जे आपल्या अज्ञानाचीच पताका मिरवतात, त्यांनी या खिचडी शिजवणाऱ्या बाईंकडून थोडे शिकावे. भाबडेपणा हा मनाचा गुण असेल. पण वाचण्याचा कंटाळा हा गुण कधीपासून झाला?

इतके मान्य करून पुढे जाऊ. या खेळात मोजले जाते ते काय? तर डोक्यातल्या कोठारातून नेमकी वस्तू किती झटपट बाहेर येते ते. कोठार भरलेले असणे चांगलेच. पण कोठाराला आपण स्वयंपाक म्हणत नाही. २०११ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेत जेपर्डी नावाच्या अशाच एका खेळात आयबीएम कंपनीच्या वॉटसन नावाच्या यंत्राने केन जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर या दोन नामांकित खेळाडूंना हरविले. यंत्र! त्याला ना भूक, ना तहान, ना हरण्याची भीती. गंमत अशी की त्याच खेळात अमेरिकेतील शहर विचारले असता त्या यंत्राने टोरोंटो असे उत्तर दिले, आणि टोरोंटो तर कॅनडात! ज्या चुकीला चौथीचे पोर हसले असते ती करूनही यंत्र जिंकले, कारण बाकीचे कोठार भरलेले होते. तेव्हा केवळ ठाऊक असण्याच्या शर्यतीत माणसाचा अभिमान फार दिवस टिकणारा नाही. आज खिशातल्या फोनला विचारले की तो उत्तर देतो. मग माणसाचे म्हणून उरते काय?

आम्हांस वाटते, उरते ते त्या सातवीतल्या पोरीने केले ते. 'उंची कुठून मोजायची?' हे विचारणे म्हणजे उत्तराच्या आधी थांबून प्रश्नाच्या पोटात डोकावणे. चार पर्यायांचा खेळ असे समजून चालतो की सत्य या चारांतच कोठेतरी बसले आहे आणि आपण फक्त बोट ठेवायचे. संसारात असे होते काय? म्हाताऱ्या आईला गावी ठेवावे की शहरात आणावे, भावाशी वाटणीचा तंटा करावा की सोडून द्यावे, याचे अ, ब, क, ड कोणी छापून देत नाही. तेथे आधी प्रश्नच नीट कळावा लागतो. ज्याला थांबून विचारण्याची सवय नाही तो तेथे फशी पडतो, मग त्याला साऱ्या देशांच्या राजधान्या पाठ असोत.

पण अन्याय नको. या खेळात आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या आम्हांस मनापासून आवडतात. एक अशी की तेथे 'मला ठाऊक नाही, मी थांबतो' असे म्हणता येते, आणि तसे म्हणणाऱ्याचे जिंकलेले धन त्याच्याजवळ राहते. न कळताच पुढे रेटणाऱ्याला मात्र घसरावे लागते. व्यासपीठावर बसणाऱ्या आम्हां लोकांना हा नियम लावला तर काय होईल? ठाऊक नसतानाही ठोकून देणारे आमच्यातले कितीजण खुर्चीवर राहतील? दुसरी गोष्ट अशी की अडलेल्याला तेथे मित्राला फोन करून विचारण्याची, सभेचा कौल घेण्याची मुभा २००० सालापासून होती. अडल्यावर विचारावे आणि विचारल्याची लाज वाटू नये, हे त्या खेळाने घरोघर शिकविले. आम्ही मात्र त्या मुलीला तेवढीही मुभा दिली नाही!

आता चढाओढीकडे वळू. चढाओढ वाईटच असे आम्ही म्हणत नाही. तालमीत जोड नसेल तर पहिलवान तयार होत नाही. पण कुस्तीत अंग लागते; जाणण्याच्या चढाओढीत पणाला लागते ते सत्य. आणि सत्य पणाला लावले की काय होते, त्याचे उदाहरण अमेरिकेत घडून गेले आहे. १९५६ साली तेथे ट्वेंटी-वन नावाचा खेळ टेलिव्हिजनवर होता. त्यात हर्बर्ट स्टेम्पेल नावाचे गृहस्थ जिंकत होते. पण चालकांना नवा, देखणा विजेता हवा होता. तेव्हा स्टेम्पेल यांना बजावले की आता तुम्ही हरायचे. प्रश्न आला, १९५५ सालचा उत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कोणाला? उत्तर होते 'मार्टी'. ते त्यांना पक्के ठाऊक होते, आणि त्यांनी ठरल्याप्रमाणे चूक उत्तर दिले! त्यांच्या जागी चार्ल्स व्हॅन डोरेन आले; कोलंबिया विद्यापीठातले अध्यापक, विद्वान घराण्यातले. त्यांना प्रश्न आणि उत्तरे आधीच मिळत होती. त्यांनी १,२९,००० डॉलर जिंकले, आणि १९५९ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे उभे राहून सारे कबूल केले. पुढे १९६० साली असल्या लबाडीविरुद्ध कायदाच करावा लागला.

या दोघांत अधिक दयनीय कोण? आम्हांस तर स्टेम्पेलच वाटतात. ठाऊक नसताना ठाऊक असल्याचे सोंग पुष्कळजण करतात. पण ठाऊक असूनही 'नाही' म्हणायला लागणे, आणि तेही पैशासाठी! तेथे चढाओढीने जाणण्याचा गळाच दाबला. आणि हळूच आपल्याकडेही पाहावे. धाक दाखवून आम्ही त्या पोरीला गप्प केले, तेव्हा जाणणाऱ्याला न जाणणारे ठरविण्याचेच काम आम्हीही केले नाही काय? त्या चालकांनी ते धंद्यासाठी केले, आम्ही घड्याळासाठी केले, एवढाच फरक.

राहता राहिले बक्षीस. २०११ साली बिहारमधल्या मोतीहारीच्या सुशील कुमार यांनी ५ कोटी जिंकले. २०२० साली त्यांनी स्वतःच लिहिले की जिंकल्यानंतरचा काळ हा आपल्या आयुष्यातला सर्वांत वाईट काळ होता. आणि त्याच २०२० साली आमच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, १० लाख डॉलरांचा. त्यांनी तेथल्या तेथे सांगितले की यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांची. धन एकाला जड झाले, दुसऱ्याने वाटून हलके केले. यात पहिल्याची निंदा मुळीच नाही. आपले दुःख उघड सांगणे हेही धैर्यच. पण डिसले गुरुजींनी एक गोष्ट डोळ्यांपुढे उभी केली. जो पहिला आला त्याने उरलेल्यांना हरलेले मानलेच पाहिजे असे नाही. वारीत दोघे भेटतात तेव्हा दोघेही वाकतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. आधी कोण वाकला याचे गुण कोणी मांडत नाही.

असो. त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगून आवरतो. आम्ही आधी स्पर्धेच्या चालकांकडे गेलो. ते म्हणाले, 'निकाल लागला, ढाल गेली, आता कशाला उकरता?' मग पत्ता विचारीत पूर्व भागात तिच्या घरी गेलो. शेजारच्या कारखान्यात मागांचा खडखडाट चालला होता. मोठ्याने बोलावे लागत होते. क्षमा मागणे आधीच कठीण, त्यात ती ओरडून मागावी लागली! बाप संकोचून म्हणाला, 'जाऊ द्या हो सर, पोर हाय. तुमी एवढ्यासाठी आलाव?' आणि चहा ठेवायला सांगितला. मुलगी दाराशी उभी होती. तिला आम्ही म्हणालो, 'पोरी, चूक आमची होती. तुझा प्रश्न बरोबर होता.' ती थोडा वेळ पायाकडे पाहत राहिली, मग म्हणाली, 'मग पुढच्या वर्षी कागदावर समुद्रसपाटीपासून असं लिहा की, सर.'

ढालीचे नाव नाही, पाचशे रुपयांचे नाव नाही. प्रश्न नीट लिहा, एवढेच तिचे मागणे! आम्ही जन्मभर उत्तरे गोळा केली, आणि खुर्चीवर बसून ती मिरविली. तिला सत्य हवे होते.

पुढच्या वर्षापासून आमच्या हाती ज्या स्पर्धा आल्या त्यांत आम्ही एक नियम घातला आहे. मुलाने उलट प्रश्न विचारला तर घड्याळ थांबते, आणि प्रश्न मार्मिक असेल तर त्यालाही गुण मिळतात. काही पालक कुरकुरतात, स्पर्धा लांबते म्हणतात. लांबू द्या.

एक ऋण मात्र उरले होते. ती हसण्याची लाट उठली भरल्या सभेत, आणि क्षमा मागितली चार भिंतींत, तीही मागांच्या आवाजात. हे माप बरोबर नाही. म्हणून हे येथे छापून देत आहोत. तिचे नाव घालत नाही, कारण पुन्हा एकदा तिला सभेपुढे उभे करण्याचा आम्हांस अधिकार नाही. चूक करणारे आम्ही. तेव्हा सभेत उभे राहायचे ते आम्हीच. वाचकांनीही घरी एवढे करून पाहावे. पोराने प्रश्नाला प्रश्न केला तर 'उत्तर दे' म्हणून दटावू नये; क्षणभर थांबावे, आणि आपल्याला ठाऊक नसेल तर 'मला ठाऊक नाही, चल, दोघे मिळून पाहू' असे म्हणावे. त्याने घरात ढाल येणार नाही, पण जाणणे येईल.