मौन आणि मिथ्याचार

व्यवहारात मनुष्याला पुष्कळ गोष्टी झाकून ठेवाव्या लागतात. वैद्य रोग्याचे दुखणे चारचौघांत सांगत नाही, गृहिणी घरातील चणचण पाहुण्याला कळू देत नाही, आणि न्यायाधीश निकाल देण्यापूर्वी आपले मत कोणापाशी बोलत नाही. यांपैकी कोणालाही आपण असत्यवादी म्हणत नाही. उलट त्यांनी तोंड उघडले असते तर आपण त्यांनाच दोष दिला असता. तेव्हा झाकणे हे स्वभावतः पाप नव्हे, हे उघड आहे. मग ते पाप केव्हा होते? व्यक्तीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर फारसे कठीण नाही. परंतु ज्या राष्ट्राशी आपला संबंध नाही असे एखादे राष्ट्र जगाला सांगते, त्याच राष्ट्राकडून ते मागल्या दाराने शस्त्रे घेते, तेव्हा त्या वर्तनाला नीती म्हणावे की दंभ म्हणावे, हे ठरविताना भल्याभल्यांची बुद्धी कुंठित होते. या लेखात त्याचाच यथामती विचार करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषांतराचा असल्यामुळे त्याला शब्दांपासून आरंभ करण्याची सवय जडली आहे. ‘गुप्त’ आणि ‘गूढ’ हे दोन शब्द आपण मराठीत जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. परंतु धातुपाठ पाहिला तर त्यांची कुळे निराळी आहेत. ‘गुप्त’ हा शब्द ‘गुप्’ धातूपासून आला असून त्या धातूचा अर्थ रक्षण करणे असा आहे. ‘गूढ’ हा ‘गुह्’ धातूपासून आला, आणि त्याचा अर्थ झाकणे, लपविणे. म्हणजे जे रक्षणासाठी झाकले ते गुप्त, आणि जे केवळ दिसू नये म्हणून झाकले ते गूढ. कालांतराने शब्दांचा हा भेद पुसला गेला, तरी त्यामागचा वस्तूंचा भेद पुसला गेलेला नाही.

भगवंतांनी दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना एकाच श्लोकात दंड, नीती आणि गुह्यांमधील मौन यांना आपले रूप म्हटले आहे. विजयेच्छूंची नीती आणि गुह्यातले मौन शेजारी शेजारी यावेत, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. पण तेथे शब्द ‘मौन’ असा आहे, ‘असत्य’ असा नाही. न बोलणे आणि खोटे बोलणे यांत जे अंतर आहे तेच आपल्या प्रश्नाचे मर्म होय.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ, आणि ते परक्याचे न घेता प्रथम स्वतःच्या देशाचे घेऊ. १९४७ साली संयुक्त राष्ट्रसंघात पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव आला तेव्हा भारताने त्याविरुद्ध मत दिले. पुढे १७ सप्टेंबर १९५० रोजी भारताने इस्रायलला मान्यता दिली. परंतु मान्यता देणे निराळे आणि राजदूत पाठविणे निराळे. १९५३ साली मुंबईत इस्रायलची वकिलातीहून खालच्या दर्जाची एक कचेरी उघडली गेली, आणि कोकणातील जे मराठीभाषी बेने इस्रायल कुटुंबीय तिकडे जाऊ इच्छीत होते त्यांचा संबंध या कचेरीशी येई. पूर्ण राजनैतिक संबंध मात्र २९ जानेवारी १९९२ रोजी प्रस्थापित झाले. मधली एकेचाळीस वर्षे दार अर्धवट लोटलेले होते.

त्या लोटलेल्या दारामागे काय चालले होते ते आता बरेचसे उघड झाले आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले तेव्हा पंडित नेहरूंनी इस्रायलचे पंतप्रधान बेन गुरियन यांना पत्र लिहिले आणि इस्रायलकडून तोफगोळ्यांची मदत आली. तिकडच्या अभिलेखागारातील कागदपत्रांच्या आधारे पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार, शस्त्रे आणणाऱ्या जहाजावर इस्रायलचा ध्वज नसावा अशी आपली इच्छा होती, आणि ध्वज नसेल तर शस्त्रेही नाहीत असे समोरून कळविण्यात आले. १९७१ साली हेच पुन्हा घडले. इंदिरा गांधींचे सल्लागार पी. एन. हक्सर यांच्या कागदपत्रांवरून इतिहासकार श्रीनाथ राघवन यांनी २०१३ साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, इराणसाठी तयार झालेली शस्त्रे गोल्डा मायर यांच्या संमतीने भारताकडे वळविण्यात आली. आणि त्यांनी त्याच्या बदल्यात राजनैतिक संबंधांची अपेक्षा व्यक्त केली. ती अपेक्षा पुरी व्हावयास आणखी दोन दशके लागली. १९७७ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुप्तपणे दिल्लीस येऊन मोरारजी देसाई यांना भेटून गेले, तेही याच अर्धवट दारातून.

यावर पूर्वपक्ष असा मांडला जाईल: “देश संकटात असताना राजाचा पहिला धर्म प्रजारक्षण हा होय. बुडणारा मनुष्य हात देणाऱ्याची जात विचारीत नाही. पॅलेस्टिनी जनतेच्या बाजूने भारत बोलत होता ते खरे; पण ही शस्त्रे पॅलेस्टिनींवर चालविली गेली नाहीत, ती हिमालयात आणि बंगालच्या सीमेवर वापरावयाची होती. मग यात दंभ कसला?” हा पक्ष दुर्बळ नाही. किंबहुना त्यातील अर्धा भाग आम्हांस मान्य आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी महाभारताकडे वळले पाहिजे.

महाभारतात गुप्त साहाय्याचे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पांडव वारणावतास निघाले तेव्हा विदुराने युधिष्ठिराला इतरांना न कळणाऱ्या भाषेत लाक्षागृहाची सूचना दिली, आणि मागाहून भुयार खणणारा एक विश्वासू मनुष्य पाठविला. विदुर हा धृतराष्ट्राचा मंत्री. म्हणजे त्याने आपल्या धन्यापासून हे लपविले. तरीही त्याला कोणी मिथ्याचारी म्हटले नाही. का? कारण विदुर भरसभेत जे बोलत असे, तेच त्याने गुप्तपणे केले. पांडवांवर अन्याय होऊ नये, हे तो धृतराष्ट्राच्या तोंडावर सांगत होता. त्याचा उघड शब्द आणि त्याची झाकलेली कृती या दोन्हींचे तोंड एकाच दिशेला होते. शिवाय त्याने पाठविले ते भुयार खणणारी कुदळ, मारणारे शस्त्र नव्हे.

दुसरा प्रसंग शल्याचा. दुर्योधनाच्या आदरातिथ्याने फसून तो त्याच्या पक्षाला मिळाला, आणि मग युधिष्ठिराला भेटून कर्णाचे सारथ्य करताना त्याचे तेज हरण करण्याचे वचन देऊन बसला. विशेष हे की, युधिष्ठिराने ही गोष्ट मागताना ती करण्यासारखी नाही हे स्वतःच कबूल केले आहे. शल्य एकाच्या रथावर बसून दुसऱ्याचे काम करीत होता. त्याच्या शब्दाचे तोंड पूर्वेला आणि कृतीचे पश्चिमेला होते. विदुराचे साहाय्य गुप्त होते. शल्याचे गूढ होते.

आता हाच मापदंड दुसऱ्या एका उदाहरणाला लावून पाहा. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणच्या नव्या सत्ताधाऱ्यांनी इस्रायलशी संबंध तोडले आणि ते राज्यच नष्ट व्हावे अशी घोषणा चालविली. अमेरिकेचेही इराणशी संबंध तुटले होते, आणि इराणला कोणीही शस्त्रे विकू नयेत म्हणून ती इतर राष्ट्रांवर दडपण आणीत होती. १९८० ते १९८८ पर्यंत इराण व इराक यांचे भीषण युद्ध चालले होते. अशा वेळी, १९८५ च्या ऑगस्टमध्ये ९६ आणि सप्टेंबरमध्ये ४०८ अशी ५०४ रणगाडाभेदी क्षेपणास्त्रे अमेरिकेच्या संमतीने इस्रायलमधून इराणला पोचविण्यात आली. हेतू असा की, लेबनॉनमध्ये ओलीस ठेवलेले अमेरिकन नागरिक सुटावेत. पुढे या विक्रीतील नफा निकाराग्वातील बंडखोरांकडे वळविण्यात आला, आणि अमेरिकी प्रतिनिधीगृहांना त्याचा पत्ताही नव्हता. नोव्हेंबर १९८६ मध्ये लेबनॉनमधील एका नियतकालिकाने हे प्रकरण फोडले. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ओलिसांसाठी शस्त्रे दिल्याचे प्रथम नाकारले, आणि मार्च १९८७ मध्ये वस्तुस्थिती तशी नाही हे त्यांना मान्य करावे लागले.

येथे तिन्ही पक्षांचे शब्द एकीकडे आणि कृती दुसरीकडे होती. एक ज्याचा नाश इच्छीत होता त्याच्याकडून शस्त्र घेत होता. दुसरा जे विकू नका असे जगाला सांगत होता तेच स्वतः विकीत होता. तिसरा आपल्या नाशाची घोषणा करणाऱ्याच्या हाती क्षेपणास्त्रे देत होता. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी मिथ्याचाराचे जे लक्षण सांगितले आहे, की कर्मेंद्रिये बाहेरून आवरलेली आणि मन मात्र विषयांत गुंतलेले, त्याचे याहून ठळक राजकीय उदाहरण शोधावे लागणार नाही.

या तुलनेत भारताचे वर्तन पुष्कळच बरे ठरते, हे आम्ही मान्य करतो. पूर्वपक्षाचा जो अर्धा भाग आम्हांस मान्य आहे तो हाच. आपली कृती आपल्या शब्दाच्या उलट दिशेची नव्हती. परंतु तिच्यात दुसरा एक दोष राहून गेला, आणि त्याचे नाव दंभ नसून कृतघ्नता हे आहे. बुडणाऱ्याने हात देणाऱ्याची जात विचारू नये हे खरे. पण काठावर आल्यावर “तू मला हात दिलास हे कोणाला सांगू नकोस” असे म्हणणे निराळे. ध्वजाची गोष्ट लहान नाही. देणाऱ्याने द्यावे आणि दिसू नये, ही मागणी दात्याने स्वतःहून स्वीकारली तर ते सात्त्विक दान. घेणाऱ्याने लादली तर तो अपमान होय. पॅलेस्टिनींच्या न्याय्य हक्कांविषयी जे बोलावयाचे ते उपकार मान्य करूनही बोलता आले असते. कदाचित ते अधिक वजनदारही झाले असते. कारण ज्याचे आपण ऋणी आहोत त्यालाही जो अन्याय दाखवितो, त्याच्या शब्दात भीतीचा अंश नाही हे ऐकणाऱ्याला कळते.

अद्याप एका गोष्टीचा विचार राहिला. ती म्हणजे देवघेवीची वस्तू. मनुस्मृतीत आपद्धर्म म्हणून वैश्यवृत्ती स्वीकारणाऱ्या ब्राह्मणाने काय विकू नये याची यादी आहे. तिच्यात शस्त्र आणि विष शेजारी शेजारी आले आहेत. बौद्ध परंपरेतही उपासकाला वर्ज्य अशा पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार सांगितला आहे. शस्त्र धारण करणे क्षत्रियाला विहित, आणि शस्त्राचा व्यापार निंद्य, हा विरोध वरवर विचित्र वाटतो. पण त्याचे कारण स्पष्ट आहे. धान्य विकणाऱ्याला ते कोणाच्या पोटात गेले याची चिंता नसली तरी चालते. शस्त्र कोणाच्या पोटात गेले याची चिंता विकणाऱ्याने सोडली, की तो वधाचा भागीदार होऊन वधाच्या जबाबदारीतून निसटतो. १९७१ चेच उदाहरण पाहा: जी शस्त्रे इराणसाठी होती तीच भारतास मिळाली, आणि इराण तर तेव्हा पाकिस्तानचा मित्र होता. आपल्या सुदैवाने ती आपल्याकडे वळली. पण जी वस्तू इतक्या सहज वळते, ती उद्या कोणाकडे वळेल हे कोण सांगणार? गुप्त शब्द विसरता येतो, गुप्त भेट नाकारता येते. गुप्तपणे दिलेले शस्त्र मात्र करार संपल्यावरही कोणाच्या तरी हातात शिल्लक राहते.

या व्यापाराला काही मर्यादा असावी म्हणून २ एप्रिल २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने एक आंतरराष्ट्रीय करार मंजूर केला आणि तो २४ डिसेंबर २०१४ पासून अमलात आला. १५४ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले. इराण, उत्तर कोरिया व सीरिया यांनी विरोध केला. भारत तटस्थ राहिला. निर्यात करणाऱ्यांच्या हाती एकतर्फी अधिकार जातो, ही भारताची हरकत अगदीच निराधार नव्हती. तथापि करार कसाही असो, त्यामागचा प्रश्न टळत नाही: हे शस्त्र शेवटी कोणावर उगारले जाईल?

आमच्या कोकणात भाऊबंदकी नवी नाही. दोन घरांचा दावा कोर्टात चालू असतो, पुरुष एकमेकांकडे पाहत नाहीत. पण एका घरी सून अडली की दुसऱ्या घरची म्हातारी कंदील घेऊन मागल्या दाराने जाते, आणि सकाळी दोन्ही घरे गप्प असतात. त्या मौनाला कोणी पाप म्हणणार नाही. मात्र त्याच दाराने कोणी कोयता नेऊन दिला, तर सारा गाव विचारील की तो कोणासाठी. आणि म्हातारीने केलेले सुईणपण दुसऱ्या घराने पंचांसमोर नाकारले, तर दाव्यात त्यांची बाजू कितीही खरी असो, ती माणसे मनातून उतरतील.

तात्पर्य, झाकलेल्या कर्माला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, ते कोणापासून झाकले आहे, शत्रूपासून की स्वकीयांपासून? दुसरा, जे आपण उघड बोलतो त्याच्याच दिशेने ते जाते काय? आणि तिसरा, ते उद्या उघडे पडले तर आपण “होय, मी केले, आणि अमुक मनुष्याने मला साहाय्य केले” असे म्हणू शकू काय? तिन्हींची उत्तरे शुद्ध असतील तर ते मौन भगवद्विभूती होय. एकही डळमळले तर तेथे मिथ्याचाराचा किंवा कृतघ्नतेचा प्रवेश झाला असे समजावे. राज्यकर्त्यांना हे प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. परंतु ज्याने ते स्वतःच्या मागल्या दाराला आधी विचारले असतील, त्याच्याच मुखात ते शोभतात.