न खाणाऱ्या सशाला भरवणे: एक धर्मविचार

आजारी ससा खाणे सोडतो तेव्हा भिजवलेल्या गवताच्या चूर्णाची पातळ लापशी सिरिंजने त्याच्या तोंडात घालतात. गिनिपिग, चिंचिला अशा पाळीव तृणभक्षी प्राण्यांसाठीही हाच उपचार आहे. कृती साधी दिसली तरी तिच्या पोटात एक जुना प्रश्न आहे: तोंड मिटून घेणाऱ्या जिवाला अन्न घेण्यास भाग पाडणे ही दया की हिंसा? ज्या समाजात अन्नत्याग हे श्रेष्ठ तप मानले जाते, तिथे हा प्रश्न सहज झटकता येत नाही. रायगडच्या किनारपट्टीला तर तो अधिक जवळचा आहे. अन्नपाणी व औषध सोडून देह ठेवणारे विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल यहुदी अलिबाग, नवगाव, रेवदंडा या पट्ट्यातले. अहिंसा हा पहिला धर्म मानणारी जैन कुटुंबेही इथल्या बाजारपेठांतून पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. जनावराच्या तोंडातल्या घासाबद्दल या तिन्ही परंपरांना काही सांगायचे आहे.

आधी सशाचे शरीर समजून घ्यावे लागते. ससा दिवसरात्र थोडे थोडे खात असतो. गवतातला न पचणारा चोथा त्याच्या आतड्यांना पुढे ढकलत ठेवतो. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत जंतू उरलेल्या भागाचे आंबवण करतात आणि त्यातून तयार होणाऱ्या मऊ गोळ्या ससा पुन्हा खातो. ही चक्की थांबली की वायू साचतो, पोट दुखते, दुखते म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडी आणखी मंदावतात. त्याला उलटीही करता येत नाही. उपाशी शरीर चरबी मोडू लागते आणि ती यकृतात साठते. म्हणून अर्धा दिवस न खाल्लेला ससा काळजीचा विषय असतो आणि पूर्ण दिवस न खाल्लेला ससा तातडीचा. कुत्र्याने एक दिवस अन्न सोडले तर बहुधा बिघडत नाही, सशाच्या बाबतीत तो हिशेब लागू पडत नाही.

कारणे बहुतेक वेळा खाण्याच्या बाहेरची असतात. सशाचे दात जन्मभर वाढतात, दाढांच्या कडा वाढून गाल किंवा जीभ चिरली की चावणे नकोसे होते. सशाला घाम येत नाही, अंगातली बरीचशी उष्णता कानांवाटे बाहेर जाते. त्यामुळे किनाऱ्यावरचा मे महिना किंवा ऑक्टोबरचा दमट उकाडा त्याला फार जड जातो. पावसाळ्यात ओलावा धरलेल्या पेंढ्याला बुरशी लागते. शिवाय ससा हे शिकार होणारे जनावर, दुखणे लपवणे हा त्याचा स्वभाव. पाळणाऱ्याच्या लक्षात येते ते एवढेच की लेंड्या लहान झाल्या आहेत, किंवा पिंजऱ्यात त्या दिसतच नाहीत.

इथे घरची माया पहिली चूक करते. कोकणात आजारी माणसाला भाताची पेज देतात, तीच सशापुढे येते. नाही तर दूध, ग्लुकोज किंवा कुस्करलेले केळे. पिष्ट आणि साखर सशाच्या पोटात भलतेच आंबवण घडवतात आणि घातक जंतूंना वाढू देतात. त्याला हवा असतो चोथा. म्हणून उपचाराचे चूर्ण मुख्यतः वाळलेल्या गवताचे असते. गिनिपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नसल्याने त्याच्यासाठी ते वेगळे मिळवावे लागते. चूर्ण कोमट पाण्यात कालवून, साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५० मिलिलिटर या बेताने, चार-पाच वेळांत विभागून देतात. नेमके प्रमाण पशुवैद्य ठरवतो, आणि त्याआधी काही गोष्टी पाहाव्याच लागतात. पोट टणक फुगलेले असेल आणि आतड्यात अडथळ्याची शंका असेल तर भरवणे घातक ठरते. अंग थंड पडले असेल, म्हणजे नेहमीच्या ३८.५ ते ४० अंश सेल्सिअसच्या बरेच खाली गेले असेल, तर आधी ऊब, मग पाणी, वेदनाशामक आणि त्यानंतर अन्न. दया खरी असली तरी तिला क्रम पाळावाच लागतो.

आता व्रताकडे. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातला. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, त्यांनी देह ठेवला. देशाने याकडे प्रायोपवेशन म्हणून पाहिले, जैनांना त्यात सल्लेखना, म्हणजे अन्नत्यागाने मरण स्वीकारण्याचे व्रत, दिसली. अशा वेळी कुणी चमचा घेऊन पुढे झाला असता तर तो त्यांच्या स्वातंत्र्यावरचा आघात ठरला असता. हा आदर मनात मुरलेला माणूस सशाचे मिटलेले तोंड पाहून म्हणतो, ‘त्याने सोडलंय, आता त्याला छळू नये.’ हे वाक्य दयाळू वाटते. ते बहुधा चुकीचे असते, आणि का चुकीचे ते खुद्द व्रताचे शास्त्रच सांगते.

समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेचे प्रसंग मोजून दिले आहेत: संकट, दुष्काळ, वार्धक्य आणि रोग. पण या सर्वांवर एक अट आहे, त्यांवर उपाय उरलेला नसावा. उपाय असताना अन्न सोडणे ही सल्लेखना नव्हे. शिवाय जगण्याची आस आणि मरणाची आस या दोन्ही त्या व्रतातले दोष मानल्या आहेत. व्रत घेणाऱ्याला काय सोडतो आहे, का सोडतो आहे, हे कळलेले असावे लागते. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथारा, म्हणजेच सल्लेखना, बेकायदा ठरवला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्या वादातही दोन्ही बाजू माणसाच्या जाणत्या निर्णयाभोवतीच फिरत होत्या. आतडी थांबल्याने पोट दुखणारा ससा काही सोडत नसतो. त्याला खाता येत नसते. वेदनाशामक मिळाल्यावर आणि आतडी हलल्यावर तोच ससा तासाभरात गवताची काडी ओढू लागतो. असे घडते तेव्हा आधीचा नकार दुखण्याचा होता हे स्पष्ट होते.

तरीही जैन विचार एवढ्यावर थांबत नाही, आणि ते बरेच आहे. मन असलेले पंचेंद्रिय पशू मर्यादित व्रत घेऊ शकतात असे तो मानतो. चंडकौशिक नागाची कथा श्वेतांबर परंपरेत सर्वज्ञात आहे. महावीरांच्या भेटीनंतर त्या विषारी नागाला पूर्वजन्म आठवला, त्याने फणा बिळात घातला आणि अन्नपाणी सोडून निश्चल पडून राहिला. लोकांनी श्रद्धेने त्याच्या अंगावर तूप-दूध ओतले. त्या वासाने मुंग्या आल्या, त्यांनी त्याला पोखरले, आणि आपल्या हालचालीने त्या चिरडू नयेत म्हणून तो हललाही नाही. पशू उपवास करूच शकत नाही असे म्हणणाऱ्याला ही कथा अडवते. पण त्या नागाचे अन्न सोडणे स्मृतीतून आणि पश्चात्तापातून आले होते, शरीराच्या बिघाडातून नव्हे. शिवाय ज्याच्याकडे अन्न नेले त्याला काय हवे हे न पाहता वाहिलेले तूप त्याचे दुःख वाढवते, हेही तीच कथा सांगते. पेज घेऊन येणारा आणि व्रत पाहणारा, दोघांचा दोष एकच: सशाच्या जागी त्यांना माणूस दिसतो.

मराठी मनाला इथे एकनाथ आठवतात. रामेश्वराला वाहायला नेलेले गंगाजल त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा घरोघर माहीत आहे. पडलेल्या जनावराच्या तोंडाशी जे आहे ते नेणे हीच पूजा, हे वारकरी परंपरेने त्यातून घेतले. पण तो प्रसंग सोपा होता असे म्हणावे लागते, कारण गाढवाला तहान होती आणि त्याने पाणी घेतले. अवघड प्रसंग आहे तो जनावर तोंड फिरवते तेव्हाचा.

त्या प्रसंगावर सर्वांत नेमके बोट ठेवले आहे ते यहुदी धर्मशास्त्राने, आणि तेही वेगळ्याच निमित्ताने. बेने इस्राएल ज्या धर्माचे, त्यात जनावराला खाऊ घातल्याशिवाय धन्याने स्वतः जेवू नये असा संकेत आहे. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, काम वर्ज्य. मग त्या दिवशी जनावरांना किती आणि कसे भरवावे? इसवी सनाच्या २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये याचा विचार आहे. उंटाच्या घशात चारा कोंबू नये, पण त्याच्या तोंडात घास घालता येतो. वासरांसाठीही असाच भेद केला आहे. पुढे तल्मूदमध्ये या दोहोंतली सीमा ठरवली गेली: जिथून जनावराला घास परत बाहेर टाकता येत नाही इतका खोल तो ढकलणे हे कोंबणे, आणि जिथून ते थुंकू शकते तिथे ठेवणे हे भरवणे.

मूळ मुद्दा शब्बाथच्या दिवशी किती कष्ट घ्यावेत याचा होता, पशूच्या स्वातंत्र्याचा नव्हता. तरी त्या विद्वानांनी आखलेली रेषा आजच्या सिरिंजच्या टोकापाशी येऊन थांबते. सशाच्या पुढच्या दातांमागे आणि दाढांपुढे दोन्ही बाजूंना मोकळी जागा असते. सिरिंजचे टोक गालाच्या बाजूने तिथे ठेवतात, एका वेळी जेमतेम एक मिलिलिटर सोडतात आणि ससा चावून गिळेपर्यंत थांबतात. त्याला उताणा करत नाहीत, मान मागे झुकवत नाहीत. घाईने घशात सोडलेली लापशी श्वासनलिकेत जाते आणि फुप्फुसाचा दाह होऊन ससा दगावतो. म्हणजे जे शास्त्राने अनुचित मानले तेच वैद्यकाने घातक ठरवले आहे. नकाराला जागा ठेवून भरवणे हीच इथे दयेची रीत, आणि योगायोगाने सुरक्षित रीतही तीच. ज्याच्या गालात लापशी तशीच राहते किंवा बाहेर ओघळते, तो ससा काही सांगत असतो. एका वेळी तसे झाले तर दाढा आणि वेदना पुन्हा तपासायच्या, वेळोवेळी तसेच होत राहिले तर त्याचा अर्थ वेगळा घ्यायचा.

घराचे नियम या रुग्णाला लागू करायचे की नाही हा एक बारीक, पण खरा प्रश्न आहे. ससा पहाटे आणि संध्याकाळी सर्वांत जागा असतो आणि आजारात त्याला रात्रीही भरवावे लागते. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तानंतर सिरिंज भरणे अवघड वाटू शकते. पण व्रत घेणाऱ्याचे असते, ससा त्यात सामील नाही. एकादशीचेही तसेच. उलट एका बाबतीत हा रुग्ण अहिंसकाला सोयीचा आहे. मांजराला वाचवायचे तर दुसऱ्या जिवाचे मांस लागते, सशाला लागते गवत, आणि तेही वाळलेले. हिरव्या वनस्पतीत जीव मानणाऱ्या जैन दृष्टीने वाळलेले गवत अचित्त. त्याचे चूर्ण हे जवळजवळ हिंसारहित अन्न होय.

कधी थांबायचे हे कुणी ठरवावे? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने धन्यावर पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा देण्याचे बंधन घातले आहे. जनावर ते घेतच नसेल तर काय, हे त्यातून समजत नाही. जवळचा धडा माणसांच्या कायद्यात सापडतो. दीर्घकाळ अचेत पडून असलेल्या अरुणा शानबागच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना तिचे खरे हितचिंतक मानले, कारण वर्षानुवर्षे तिला भरवणारे, स्वच्छ ठेवणारे तेच होते. बोलू न शकणाऱ्याच्या वतीने बोलण्याचा हक्क सेवेतून येतो, असा त्यामागचा विचार. सशाच्या बाबतीत तो हक्क रात्री उठून सिरिंज धरणाऱ्याचा. मात्र पशुवैद्याने दाखवलेल्या खुणांवाचून तो हक्क आंधळा राहतो.

१९२८ मध्ये साबरमती आश्रमातल्या असाध्य वेदनेत पडलेल्या वासराला गांधींनी विषाची सुई देऊन मरण दिले, तेव्हा अहमदाबादेत मोठा गहजब झाला. गांधींचे म्हणणे असे होते की स्वार्थापोटी दिलेली पीडा हिंसा, पण ज्या वेदनेवर उपायच नाही ती संपवणे हिंसा नव्हे. पांजरपोळाच्या परंपरेला हे मान्य नाही, तिथे शेवटच्या श्वासापर्यंत चारापाणी हाच धर्म. या दोहोंत निवड करणे सोपे नाही, पण दोघेही आधी एकच गोष्ट विचारतात: उपाय आहे का? सल्लेखनेच्या ग्रंथाचीही अट तीच होती. दाढ घासून घेता येते, पोट हलवता येते, उकाड्यातून हलवता येते, तोवर भरवत राहण्याला या सर्वांचा आधार आहे.

उपाय संपला, लापशी प्रत्येक वेळी बाहेर येऊ लागली, शस्त्रक्रिया झेपणार नाही असे वैद्याने सांगितले, की भरवण्याचा आधार सुटतो. त्यानंतरची सिरिंज सशासाठी राहत नाही, ती पाळणाऱ्याच्या समाधानासाठी चालते. जगण्याची आस हाही दोष असे शास्त्र म्हणते ते इथे धन्याला लागू होते. अन्न थांबवले तरी काळजी थांबत नाही: वेदनाशामक चालू ठेवायचे, अंग ऊबदार आणि कोरडे ठेवायचे, ओठ ओले करायचे, जोडीचा ससा असेल तर तो शेजारी राहू द्यायचा, आणि ताजे गवत तोंडाशी ठेवायचे, म्हणजे घ्यावेसे वाटले तर त्याला घेता येईल. सुखाने मरण द्यायचे की नैसर्गिक मरणाची वाट पाहायची, याबाबत घराघरांची श्रद्धा वेगळी असू शकते. वेदना उघडी ठेवण्याला मात्र यातल्या कोणत्याही परंपरेचा पाठिंबा नाही.