अपशकुन आणि निशाणी

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत, ला होया येथे, सुमारे १२ फूट लांबीचा एक मृत मासा तरंगताना आढळला. रुपेरी, फितीसारखे शरीर आणि डोक्यावर लाल तुरा असलेला हा ‘ओअरफिश’ खोल समुद्रात राहतो आणि माणसाच्या दृष्टीस क्वचितच पडतो. जपानी लोकसमजुतीनुसार तो समुद्रदेवाच्या महालातील दूत असून, तो किनाऱ्यावर दिसणे ही भूकंपाची पूर्वसूचना होय. म्हणूनच त्याला ‘प्रलयाचा मासा’ असेही म्हटले जाते.

जपानी संशोधकांनी ही समजूत तपासली. १९२८ ते २०११ या काळातील खोल समुद्रातल्या माशांच्या ३३६ नोंदी व २२१ भूकंप त्यांनी ताडून पाहिले. त्यांत जुळण्याजोगे उदाहरण केवळ एक निघाले.

तरीही भीती का टिकून राहते? कारण अपशकुन मानणे सोपे असते. त्यासाठी ना ज्ञान लागते, ना कृती. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. सूर्यालाही शोक झाला, असे लोक म्हणू लागले. ही समजूत प्रेषितांचा गौरव वाढवणारी होती. पण पुत्रशोकातही त्यांनी ती नाकारली. कोणाच्या जन्ममृत्यूमुळे ग्रहण लागत नाही, सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, असे सांगून त्यांनी लोकांना नमाज व प्रार्थनेकडे वळवले.

किनाऱ्यावर आलेल्या एका प्रचंड जलचराचा प्रसंग हदीसमध्येही आहे. हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्या नेतृत्वाखालील ३०० सहाबा भुकेने झाडपाला खात होते. तेव्हा समुद्राने ‘अंबर’ नावाचा महाकाय मासा किनाऱ्यावर टाकला. त्याला पाहून कोणी शकुन काढत बसले नाही. तो मृत असल्याने खाणे वैध आहे काय, हा प्रश्न अबू उबैदांना पडला. आपली निकड ध्यानी घेऊन त्यांनी निर्णय दिला. मदीनेत परतल्यावर प्रेषितांनी ती अल्लाहने दिलेली उपजीविका असल्याचे सांगितले आणि त्यातले मांस स्वतःही खाल्ले.

अपशकुन मानणारा ‘आता माझे काय होणार?’ एवढेच विचारतो. निशाणी ओळखणारा निर्मात्याचे स्मरण करतो आणि ‘माझे कर्तव्य काय?’ असे विचारतो. अशा माशाचे चित्र मोबाइलवर पाहून घरातील मूल घाबरून प्रश्न विचारील, तेव्हा यांपैकी कोणता प्रश्न त्याच्या मनात रुजवायचा, ही जबाबदारी आपली आहे.