किंकाळीची बाजू

नीटनेटक्या शब्दांत मांडलेले दुःखच ऐकून घेण्यास पात्र असते काय, हा प्रश्न जितका कलेचा तितकाच नीतीचाही आहे. ‘स्क्रीमो’ नावाच्या पाश्चात्त्य संगीतप्रकाराने तो आमच्यापुढे नव्याने उभा केला. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात रुजलेल्या या प्रकारात गायक बहुतांशी किंचाळतो आणि वाद्यांच्या कल्लोळात शब्द सहसा कळत नाहीत. मॅसॅच्युसेट्समधील ‘ऑर्किड’ या बँडची ‘केऑस इज मी’ ही पहिली मोठी तबकडी १९९९ साली ‘इबुलिशन’ या लहान स्वतंत्र कंपनीने काढली. सारा ऐवज वीस मिनिटांच्या आत संपतो. मुंबईच्या ‘स्क्राइब’ या बँडचा ‘कन्फेक्ट’ हा पहिला संच २००८ साली आला; त्याचे नाते याच घराण्याशी जवळचे आहे.

सूर आणि संयम यांवर पोसलेल्या आपल्या कानांना हा धिंगाणा वाटणे स्वाभाविक आहे. त्यामागे एक विचारही आहे. दुःखाला आकार देण्याचे कष्ट जो घेत नाही, त्याने रसिकाकडे कान मागावा कशाला? दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. खरी किंकाळी एकदाच फुटते. ती तबकडीवर उतरली आणि रोज वाजू लागली, की तिचा अभिनय होतो.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच अशा बँडच्या पहिल्या मुद्रणाला महत्त्व आहे. पुढे श्रोते ठरतात, त्यांची अपेक्षा ठरते, आणि आक्रोशाचीही शैली होते. पहिल्या वेळी मात्र कोणी मागितलेले नसते आणि लाभाची आशाही नसते. १९५५ च्या सुमारास मुंबईत ‘शब्द’ हे अनियतकालिक काढणाऱ्या तरुण कवींची स्थिती याहून फार निराळी नव्हती.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर अशा तबकड्यांच्या वेष्टनातच सापडते. त्यांत गीतांचे शब्द छापलेला कागद घालण्याची प्रथा आहे. जो केवळ ओरडू इच्छितो, तो शब्द छापून देत नाही. शिमग्याच्या बोंबेला आपला समाज वर्षातून एक दिवस मोकळीक देतो. पण त्या बोंबेचा अर्थ कोणी विचारत नाही, आणि मारणाराही तशी अपेक्षा धरीत नाही. येथे ती अपेक्षा आहे.

१९७२ साली नामदेव ढसाळांचा पहिला संग्रह ‘गोलपिठा’ आला, तेव्हा त्यातील अनेक शब्द पांढरपेशा वाचकाला परके होते. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनी कवीलाच त्या शब्दांचे अर्थ विचारले. ‘ही कविता आहे का’ या वादाआधी ‘हा काय म्हणतो आहे’ हे त्यांना जाणून घ्यावेसे वाटले. श्रोत्याचे कर्तव्य आम्हांला येथे दिसते.

शासकीय सेवेत आम्ही पाहिले, की सुवाच्य अर्ज पुढे सरकतो आणि दारात ओरडणारा माणूस शिपायाकरवी बाहेर जातो. ओरडणाऱ्यांत लबाडही असत. आवाजाची पट्टी म्हणजे सत्याचा पुरावा नव्हे. परंतु नमुन्यात न बसणे हा असत्याचाही पुरावा नव्हे. तक्रार खरी की खोटी, हे ती ऐकल्यावरच ठरते.

बुऱ्हाणपूरच्या मराठी घरांना हे निराळे सांगावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्यप्रदेशातच राहिलो, आणि कचेरीची भाषा हिंदी झाली. लोधीपुऱ्यातील ज्या वृद्धांना आपले म्हणणे मराठीतच नीट मांडता येई, त्यांच्या म्हणण्याचे वजन केवळ भाषेपायी कमी झाले असेल, तर तो न्याय होता असे आपल्यापैकी कोण म्हणेल?

हे संगीत आवडावे असा आमचा आग्रह नाही. आम्हांलाही ते गोड लागत नाही. आवड ही ज्याची त्याची असते. ऐकून घेणे मात्र आवडीवर सोडता येत नाही. घरातील तरुण मूल खोलीचे दार लावून असे काही ऐकत असेल, तर आवाज कमी करावयास जरूर सांगावे. पण त्याच वेळी तो छापील कागद मागून घ्यावा, आणि त्यातील कोणते शब्द त्याला आपले वाटतात, हे विचारावे.